ध्रुवला मुखवटा नाही

४ मे
सुपर कमांडो ध्रुवचे जुने अंक पुन्हा छापून निघाले आहेत. आज पार्सल आलं. सगळ्यात वर 'प्रतिशोध की ज्वाला'. १९८७ साली राज कॉमिक्सने ध्रुवला आणलं ते याच अंकातून. अमरावतीला होस्टेलला असताना राजापेठेतल्या एका टपरीवरून आम्ही हे अंक भाड्याने आणायचो. रात्रभर एकच अंक अख्ख्या मजल्यावर फिरायचा आणि सकाळी परत जायचा. त्यामुळे माझ्या मालकीचा ध्रुव कधी नव्हताच. आता आहे.

कागद गुळगुळीत, रंग झगझगीत. जुना स्वस्त कागद शाई प्यायचा, ध्रुवच्या पोशाखातला निळा रंग रेषेबाहेर किंचित सरकायचा. मला अजून तोच निळा आवडतो.

५ मे
ज्युपिटर सर्कस. झुल्यावरचे कलावंत श्याम आणि राधा, त्यांचा हा मुलगा. प्रतिस्पर्धी सर्कशीच्या माणसांनी लावलेल्या आगीत आईवडील जातात. अमेरिकेतल्या रॉबिनची गोष्टही अशीच, झुल्यावरच्या आईवडिलांना गमावलेल्या पोराची, ती १९४०ची. साम्य उघड आहे. पण रॉबिन बॅटमनच्या शेजारी जाऊन उभा राहतो. ध्रुवला मिळतं ते घर: पोलिस महानिरीक्षक राजन मेहरा त्याला मुलगा मानतात, आणि श्वेतासारखी बहीण मिळते. इतक्या मारामाऱ्यांच्या मालिकेत हे घर शेवटपर्यंत टिकतं, याचं मला आज फार अप्रूप वाटलं.

आणि सर्कशीने दिलेलं सगळं अंगी मुरलेलं. कसरती, मोटरसायकल, जनावरांची न् पाखरांची भाषा. दैवी असं काही नाही.

७ मे
ऑफिसातून उशीर. 'रोमन हत्यारा' अर्धा झाला.

८ मे
रात्री होस्टेलच्या रूम पार्टनरला फोन लावला. आता तो चंद्रपूरला असतो. हालहवाल व्हायच्या आधीच त्याने विचारलं, "अबे, ध्रुव मुखवटा घालायचा का बे?"

"नाही रे. चेहरा उघडाच."

"हां. म्हणूनच आवडायचा आपल्याले."

फोन ठेवल्यावर तेच डोक्यात राहिलं. राजनगरात, म्हणजे ध्रुवच्या शहरात, सगळ्यांना ठाऊक की हा ध्रुव, अमक्या घरी राहतो. शत्रूंनाही ठाऊक. दुहेरी आयुष्य नाही, चष्मा लावून भोळा बनायचं नाही. पीटर, रेणू, करीम यांना घेऊन कमांडो फोर्स चालवतो, तीही सरकारच्या डोळ्यांदेखत. आणि मुखवटा आहे तो त्याच घरात, बहिणीच्या तोंडावर! श्वेताच चंडिका होऊन भावाच्या मदतीला धावते, आणि भावाला पत्ता नाही. वाचणाऱ्याला माहीत, नायकाला नाही. लेखकाची ही चाल मला या मालिकेतली सर्वांत सुंदर वाटते.

११ मे
अनुपम सिन्हा. गोष्ट त्यांची, चित्रंही त्यांचीच. एकाच माणसाने दोन्ही केल्याचा फायदा पानापानावर दिसतो. ध्रुव स्टारलाइनच्या दोराला लोंबकळतोय, पाय अजून हवेत आहेत, आणि डोक्याशेजारी विचारांचा भलामोठा ढग: हा धातू तापला तर प्रसरण पावेल का, वीज कुठून जमिनीत उतरेल, समोरच्याची ताकद कोणत्या क्षणी उणी पडेल. अर्धी चौकट मजकुरानेच भरलेली. दुसऱ्या कुणी काढलं असतं तर उडी अडखळली असती. इथे उडी आणि विचार एका दमात पुरे होतात. थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरला घाबरणाऱ्या आम्हा पोरांना असा नायक मिळाला, जो भौतिकशास्त्राच्या जोरावर राक्षस लोळवतो. आमच्यासाठी ती फार मोठी गोष्ट होती.

१२ मे
पार्सलमध्ये नागराजचेही दोन अंक होते. नागराज १९८६चा, ध्रुवच्या आधीचा. चित्रकार प्रताप मुळीक! पुण्याचे, अमर चित्र कथेतले. पुराणातले देव-दानव ज्या हाताने रंगवले, त्याच हाताने दिल्लीच्या प्रकाशकासाठी हा हिरव्या कातडीचा, मनगटातून साप सोडणारा तरुण उभा केला. नागराज उभा राहतो तो पौराणिक योद्ध्यासारखा, छाती काढून, पाय रोवून. होस्टेलच्या मराठी पोरांना नागराज इतका ओळखीचा का वाटला असेल, ते हे अंक शेजारी ठेवून पाहिल्यावर कळतं.

१५ मे
राज कॉमिक्सचाच डोगा चाळला. मुंबईचा, कुत्र्याचा मुखवटा, हातात बंदूक. कचऱ्यात टाकलेल्या पोराची ती गोष्ट अजूनही पोटात खड्डा पाडते. पण डोगा सरळ जीव घेतो. ध्रुव मारेकऱ्यालाही जिवंत पोलिसांच्या हवाली करतो. विशीत दोघं एकाच उशाखाली असायचे. आज मी ध्रुवच्या बाजूने आहे, ठामपणे.

१८ मे
भाची सुट्टीला आली आहे, आठवीतली. ध्रुवचे अंक वाचून झाल्यावर म्हणाली, "मामा, चंडिका कोण ते ह्याला कळतं की नाही?" मी सांगितलं नाही. मग तिने श्वेता असलेली पानं पुन्हा काढून पाहिली, श्वेताच्या प्रयोगशाळेची चौकट नीट निरखली आणि म्हणाली, ह्यापेक्षा तीच हुशार आहे. वाद घातला आम्ही, चांगला जेवण होईपर्यंत. 'ग्रँड मास्टर रोबो' मागवलाय. रोबोची मुलगी नताशा गुन्हेगाराच्या घरात वाढलेली, आणि तिचा जीव ध्रुवमध्ये; तिच्याबद्दल हिचं काय मत होतं, ते ऐकायचंय.