मळलेली वाट आणि पाऊस

मळलेल्या वाटेविषयी आपल्याकडे फारसे बरे बोलले जात नाही. कवी, सुधारक आणि पदवीदान समारंभाचे पाहुणे हे तिघेही तरुणांना ती सोडायला सांगतात, आणि भाषण संपले की तिच्यावरूनच घरी जातात. मला तर ती वाट आवडते. शेकडो पावलांनी ती तपासून ठेवलेली असते. काटे वेचलेले असतात, खड्डे ठाऊक झालेले असतात. पण तिच्यातही एक खोड आहे, आणि ती पाऊस पडल्यावाचून कळत नाही. गेल्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये, केंट परगण्यात, कार्टच्या एका हौशी शर्यतीत मला ती दिसली.

कार्ट हे मोटारींच्या कुळातले शेंडेफळ. १९५६ साली कॅलिफोर्नियात, शर्यतीच्या मोटारी बांधणाऱ्या कारखान्यातल्या आर्ट इंगल्स नावाच्या कारागिराने गवत कापायच्या यंत्राचे इंजिन नळ्यांच्या सांगाड्यावर बसवले, आणि हे वाहन जन्माला आले. त्याला छप्पर नाही, दार नाही, स्प्रिंगा नाहीत. बसणाऱ्याची पाठ आणि जमीन यांच्यात चार बोटांचे अंतर. ब्रेक लागतो तो मागच्याच चाकांना, आणि तोही डाव्या पायाने. दिसायला पोरखेळ, पण फॉर्म्युला वनमधला लुईस हॅमिल्टन आठव्या वर्षी याच गाडीत बसून शर्यतीला लागला.

माझा भाचा लंडनला नोकरी करतो. कचेरीतल्या चौघांनी मिळून या शर्यतीत नाव दिले होते. गाडी एक, चालवणारे चार, वेळ दोन तास. प्रत्येकाने अर्धा तास हाकायची. आयत्या वेळी चौघांतला एक तापाने आडवा झाला. पैसे भरलेले होते. तेव्हा मुलाकडे महिनाभरासाठी आलेले माझे भाऊजी हळूच म्हणाले, "मी बसू का?"

भाऊजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. तीस वर्षे पुण्याच्या रस्त्यांवर बजाजची स्कूटर चालवली, एवढाच त्यांचा वाहनविद्येतला अधिकार. ताई म्हणाली, "अहो, काहीतरीच काय!" पण भाचा 'नको' म्हणाला नाही. याचे मला नवल वाटले, कारण बापलेकांत फारसे बोलणेच नव्हते. भांडण होते असे नव्हे. भांडण असते तर निदान त्यानिमित्ताने तरी बोलणे झाले असते. मुलाने पुण्यात नोकरी धरावी, वरच्या मजल्यावर संसार थाटावा, असा भाऊजींचा बेत होता. मुलगा बारा वर्षांपूर्वी निघून गेला. तेव्हापासून दर रविवारी फोनवर, "बरा आहेस ना?" "हो, बाबा." "थांब, आईला देतो." संपले.

आदल्या रात्री भाच्याने वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर रस्त्याचा नकाशा काढून वडिलांना शिकवणी दिली. वळणात बाहेरून शिरायचे, आतला काठ चाटायचा, पुन्हा बाहेर पडायचे. सगळे त्याच रेषेवरून जातात. त्यामुळे तिथे चाकांच्या रबराचा थर बसतो आणि पकड आणखी चांगली मिळते. भाऊजींनी चष्मा लावून ती रेषा बोटाने दोनदा गिरवली.

पहिला तास कोरडा गेला. चौदा गाड्यांत आमची अकरावी होती. भाऊजी तिसरे. ते बसले आणि दहा मिनिटांत पाऊस आला.

आता गंमत अशी की, कोरड्यात पकड देणारा तो रबराचा थर ओला झाला की साबणासारखा होतो. जी रेषा सर्वांनी घोटून घोटून उत्तम केली, तीच घात करू लागते. पट्टीचे चालवणारे नेमके तिच्यावरच गिरक्या खाऊ लागले. भाऊजींनीही एक गिरकी खाल्ली. तोंड मागे, शेपूट पुढे अशा अवस्थेत, स्वारगेटच्या चौकात सिग्नलला थांबावे तसे ते शांत बसले आणि रहदारी ओसरल्यावर निघाले.

मागून वेगवान गाडी आली की निळे निशाण दाखवतात. त्याचा अर्थ, वाट द्या. ते दिसले की भाऊजी, जिन्यात पोरांना वाट द्यावी तसे, बाहेरच्या काठाला सरत. तिथले डांबर कुणी फारसे न तुडवलेले, खरखरीत. तिथे चाके धरतात असे त्यांच्या ध्यानात आले असावे. कारण पुढच्या फेरीला ते निशाणावाचूनच तिकडून गेले. भाचा आकडे बघत उभा होता. फेरीला ९४ सेकंद लागत होते, त्याचे ८७ झाले, मग ८२. पुढच्या गाड्या ८५ च्या घरात. "मामा, हे बाबाच आहेत ना?" त्याने मला विचारले.

अर्ध्या तासाने भाऊजी आत आले. बाह्यांतून पाणी गळत होते. भाचा शिरस्त्राण चढवून तयार होता. गाडी बदलायला मिळतात काही क्षण, तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "मधली वाट सोड. बाहेरच्या काठाने जा. ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना. वळणात पाय लावायचा नाही." भाच्याने एकदा त्यांच्याकडे पाहिले, "बरं," म्हणाला आणि गेला. पहिल्या वळणावर मी श्वास रोखून बघत होतो. तो बाहेरच्या काठाने गेला.

आम्ही सहावे आलो. बक्षीस पहिल्या तिघांना होते, त्यामुळे ताईने डब्यातून नेलेले तिळाचे लाडूच वाटले.

या शर्यतीचे मला आवडले ते हे. एकाने अर्ध्या तासात जे कमावले ते दुसऱ्याच्या हाती चार वाक्यांत द्यावे लागते. मागचे उकरायला सवड नसते आणि मान ठेवून गप्प बसायची सोय नसते. आपल्या घरांत देणाऱ्याजवळ वर्षे असतात आणि घेणाराही जवळ बसलेला असतो. म्हणूनच की काय, ते उद्यावर पडते.

परतताना मोटारीत भाऊजी बराच वेळ काचेवरचा पाऊस बघत होते. मग म्हणाले, "रेषा काढली होती ती चुकीची नव्हती रे. कोरड्यात तीच बरोबर. पाऊस येणार हे काढणाऱ्याला काय ठाऊक?"

भाच्याने काढलेल्या रेषेविषयी ते बोलत होते, की बारा वर्षांपूर्वी स्वतः मुलासाठी आखलेल्या, हे मी विचारले नाही. भाच्यानेही विचारले नाही. त्याने फक्त गाडीचा वेग थोडा कमी केला.

भाऊजी आता पुण्याला परतले आहेत. रविवारचा फोन अजून त्याच वेळी येतो. पण ताईची तक्रार आहे की तो तिच्या हाती यायला हल्ली फार उशीर होतो. आधी बापलेकांचे हवापाणी चालते. "तिकडे पाऊस आहे का?" इथपासून सुरुवात होते म्हणे.