एम.ए.ला, कशेळे नाक्यावरून

प्रिय एम.ए.,

कशेळे नाक्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ऑनलाइन फॉर्म, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन, सातबाऱ्याची प्रिंट, स्पायरल बाइंडिंग, सगळं होतं. समाजशास्त्रात मीही तुला मिळवलंय, दूरशिक्षणातून, घर आणि दुकान सांभाळून. पण त्या ओळखीवर हे पत्र लिहीत नाही. वर्षभर तू माझ्या काउंटरवरून ये-जा करतेस म्हणून लिहितेय. पावसाच्या तोंडाला प्रवेशअर्ज होऊन येतेस, मग महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज होतेस, परीक्षा जवळ आली की ‘मागच्या पाच वर्षांचे पेपर’ होतेस, आणि शेवटी निळ्या पुठ्ठ्यातला प्रकल्प होऊन निघून जातेस. इतकं जवळून तुला तुझ्या कुलगुरूंनीही पाहिलं नसेल.

आधी लोकांचं सांगते. एखादा पोरगा आयटीआयचा फॉर्म भरायला आला तर मागे रांगेत उभी असलेली माणसं गप्प असतात. नर्सिंगच्या फॉर्मला तर कौतुक होतं. तुझा फॉर्म स्क्रीनवर उघडला की मात्र कुणीतरी हमखास विचारतंच, ‘एम.ए. करून काय करणार?’ विचारणारा बहुतेक वेळा जमिनीचा एजंट असतो. त्यानं काय शिकून काय केलं, हे त्याला कुणी विचारत नाही.

खरी उत्तरं मला ठाऊक आहेत, कारण ती माझ्यासमोरच दिली जातात, हळू आवाजात. बी.ए. झालं की मुलीला स्थळं यायला लागतात. ‘अजून शिकतेय’ म्हटलं की दोन वर्षं मिळतात. पोरांना वसतिगृहातली खाट टिकवायची असते, शिष्यवृत्ती चालू ठेवायची असते, एमपीएससीचा अभ्यास करताना घरी सांगायला काहीतरी हवं असतं. या कारणांना नाकं मुरडणारे प्राध्यापक मला आवडत नाहीत. जामरुख किंवा खांडसकडच्या एखाद्या वाडीतल्या मुलीला स्वतःची म्हणून दोन वर्षं मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि ती तू देतेस. कशासाठी का येईनात, आली की वाचायला लागतात.

नोकरीचं लपवण्यात अर्थ नाही. तुझ्या एकटीच्या जिवावर फारसं काही मिळत नाही. कॉलेजात शिकवायचं तर नेट किंवा सेट हवी; तीही झाली तरी वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर, जेवढे तास तेवढे पैसे. शाळेत जायचं तर वर बी.एड. हे मी प्रत्येकाला फॉर्म भरण्याआधी सांगते. सांगूनही बहुतेक जण भरतात.

तू राहतेस कलिन्याला, विद्यानगरीत. इथून कर्जत गाठायचं, एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर रिक्षात दाटीवाटीनं. कर्जत ते सीएसएमटी १०० किलोमीटर. त्यातलं कुर्ल्यापर्यंतचं अंतर लोकलमध्ये, मग पुन्हा बस. रोजचं लेक्चर या हिशेबात बसत नाही. १९७१ साली मुंबई विद्यापीठानं पत्रद्वारे शिकवायला सुरुवात केली ती आमच्यासारख्यांचीच सोय. तेव्हापासून त्या विभागाची नावं दोन-तीनदा बदलली, पण आमच्यापर्यंत पोचतात त्या पुस्तिका आणि परीक्षेची वेळापत्रकं. तुझं तोंडसुद्धा न पाहता तुझ्याशी संसार केलेल्या बायका या तालुक्यात बऱ्याच आहेत.

पण मला बोलायचंय ते वेगळंच. विद्यापीठात एकदा कुणीतरी सहज बोलून गेलं, की हे काय, नुसतं पेपर देऊन मिळवलेलं एम.ए.; जुन्या काळी प्रबंध लिहावा लागायचा. खरंच आहे ते. मुंबईचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांनी उभा केला, १९२४ पासून गो. स. घुर्ये यांच्याकडे आला, आणि त्यांचे विद्यार्थी एम.ए.लाच प्रबंध लिहीत. इरावती कर्वे यांनी १९२८ साली चित्पावनांवरच्या प्रबंधावर तुला मिळवलं, म्हणजे आपल्याच लोकांवर लिहिलं. एम. एन. श्रीनिवास यांच्या एम.ए.च्या प्रबंधातून म्हैसूरमधल्या विवाह आणि कुटुंबावरचं पुस्तक १९४२ साली निघालं. आम्ही काय, आठ-दहा प्रश्नांतले चार सोडवा.

तरी हे ऐकून मी मान खाली घातली नाही. १९१६ सालच्या मे महिन्यात कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये एका पंचविशीतल्या विद्यार्थ्यानं जातीच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. तो वर्गातला निबंध होता. आजच्या भाषेत अंतर्गत मूल्यमापन. बाबासाहेबांचा तो निबंध आज शंभर वर्षांनंतरही तुझ्या अभ्यासक्रमात आहे, आणि माझ्या दुकानात त्याच्या प्रती निघतात. म्हणजे खोट पेपर देण्यात नाही. वर्गातल्या निबंधात काय मागायचं आणि काय चालवून घ्यायचं, ते मागणाऱ्यानं ठरवायचं असतं.

तू काय चालवून घेतेस, ते मी बांधते. २०२३ पासून नवीन धोरणाप्रमाणे तुझी रचना बदलली: चार सत्रं, ८८ क्रेडिट, पहिल्या सत्रात संशोधन पद्धती, दुसऱ्यात क्षेत्रप्रकल्प किंवा कामाचा अनुभव, पुढच्या दोन सत्रांत संशोधन प्रकल्प. मधेच सोडायची वेळ आली तर वर्षाअखेर पदव्युत्तर पदविका. कागदावर हे मला फार आवडलं. प्रत्यक्षात ‘महिला सक्षमीकरण : एक अभ्यास’ या नावाचा प्रकल्प मी इतक्यांदा बांधलाय, की मुखपृष्ठाची फाइल संगणकावर तयारच असते, फक्त नाव बदलायचं. आतलं कुठून येतं ते तुलाही माहीत आहे, मार्गदर्शकांनाही माहीत आहे. ऋणनिर्देश मात्र प्रत्येकीचा स्वतःचा असतो. एकीनं त्यात आईच्या शेळीचेही आभार मानले होते, कारण तिला विकून फी भरली होती. संपूर्ण प्रकल्पात क्षेत्रातून आलेली माहिती तेवढीच.

दुसरीकडे, याच यंत्रावर मी बाहेरच्यांच्या प्रश्नावल्या काढते. मुंबई-पुण्याची मुलं येतात, कधी परदेशी सुद्धा. कातकरवाडीत जायचं असतं, साठ-सत्तर प्रती हव्या असतात. आम्ही अभ्यासाला सोयीचे आहोत: लोकल कर्जतपर्यंत येते, डोंगर छान आहेत, आणि राज्यातल्या तीन आदिम जमातींपैकी कातकरी इथेच आहेत. मुलं चांगली असतात, वाईट वागत नाहीत. पण दिवाळीनंतर येतात आणि अर्ध्या वाडीला कुलूप बघून गोंधळतात. वाडी वीटभट्टीवर गेलेली असते, परतते पावसाआधी. हे नाक्यावरच्या कुठल्याही रिक्षावाल्यानं सांगितलं असतं.

मागच्या एका वर्षी ठाकूरवाडीतली एक मुलगी आली. तिच्याकडेही तोच महिला सक्षमीकरणाचा विषय आणि नेटवरून उतरवलेली प्रश्नावली. पहिला नंबर तिनं सख्ख्या आत्याचा लावला. ‘कुटुंबाचे मासिक उत्पन्न किती?’ आत्या म्हणाली, ‘तुला ठावं नाय का? काल मीठ उसनं न्यायला तूच आलीस ना?’ मुलगी कागद घेऊन परत दुकानात आली आणि बाकावर बसून राहिली. संशोधन पद्धतीच्या पुस्तिकेत अनोळखी माणसाशी कसं बोलावं ते लिहिलेलं होतं. जिनं आपल्याला अंगाखांद्यावर खेळवलंय तिला काय विचारायचं, ते कुठेच नव्हतं.

आम्ही दोघींनी मिळून तो प्रश्न मोडीत काढला. मासिक उत्पन्न ही गोष्ट त्या घरात नाहीच, तर विचारायचं कशाला? तिनं महिने उभे लिहिले, चैत्रापासून फाल्गुनापर्यंत, आणि प्रत्येक महिन्यात घरात काय आलं ते आत्याला सांगायला लावलं. वैशाखात करवंदं विकली त्याचे पैसे. लावणीची मजुरी. पावसात रानभाजी. कापणी. शनिवार-रविवार फार्महाऊसवर झाडलोट, पाहुणे असतील तर. शेजारी एक रकाना, काय उसनं घेतलं. आषाढ-श्रावणात तो रकाना गच्च भरला. दुसऱ्या घरीही तसाच. दहा घरं केली तिनं. आत्यासुद्धा तक्ता बघून गप्प झाली. आपला श्रावण शेजारणीच्या श्रावणासारखाच आहे, हे तिला असं ओळीनं मांडलेलं कधी दिसलं नव्हतं.

आणि मग तिचे आजोबा म्हणाले, त्यासाठीच तर कोठी होती. मुलीला काही कळेना. मलाही अर्धवटच माहीत होतं. याच कशेळ्यात ‘अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स’ ही संस्था आहे. तिनं ऐंशीच्या दशकात या भागातल्या आदिवासी वाड्यांत धान्य बँका उभ्या केल्या. पावसाळ्यात भात उचलायचं, कापणीनंतर थोडं जास्त भात घालून परत करायचं, म्हणजे सावकाराच्या दारात जावं लागत नाही. त्याच्याही चाळीस वर्षं आधी माथेरानच्या भाई कोतवालांनी याच तालुक्यात धान्यकोठ्या काढल्या होत्या. लोकांना कोतवाल आठवतात ते आझाद दस्त्याचे, विजेचे मनोरे पाडणारे, २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हिराजी पाटलांबरोबर हुतात्मा झालेले. कोठी आठवत नाही. मनोऱ्यांवर सिनेमा निघतो, श्रावणातल्या उसनवारीवर निघत नाही.

म्हणजे एका आत्याच्या उसनवारीपासून तालुक्याच्या ऐंशी वर्षांच्या इतिहासापर्यंत ही मुलगी सरळ पोचली होती. तुझ्या वाचनयादीत यातलं काहीच नव्हतं. मार्गदर्शकांनी तिचा तक्ता परिशिष्टात टाकायला सांगितला आणि आत नेहमीची पाच प्रकरणं, टक्केवारीच्या वर्तुळांसह. तिला गुण बरे पडले. परिशिष्ट कुणी वाचलं असेल असं वाटत नाही.

इथं विषय कमी नाहीत गं. इथल्या भाताला स्वतःचं संशोधन केंद्र आहे, बियाण्याच्या नावातच कर्जत आहे. राजनाला कालव्याच्या पाण्यावर ज्यांचं उन्हाळी भात होतं आणि ज्यांचं होत नाही, त्यांच्यात सोयरिकी होतात का? ज्यानं जमीन विकली तोच त्या जमिनीवरच्या फार्महाऊसचा रखवालदार झाला, तर तो मालकाला काय म्हणून हाक मारतो? हे प्रश्न विचारायला मुंबईहून यायची गरज नाही. पण इथल्या मुलीला यातलं काही ‘विषय’ वाटत नाही, कारण तिच्या पुस्तिकेत समाज नेहमी दुसरीकडे असतो, आणि त्याच्यावर लिहिणारं कुणीतरी इंग्रजीत लिहितं.

म्हणून मागणी करते. फार नाही. क्षेत्रप्रकल्पाची चार क्रेडिट देताना विषय विद्यार्थिनीच्या राहत्या गावातला असावा, निदान एकदा तरी. मराठीत उत्तर लिहायला तू परवानगी देतेस, मग वाचायलाही मराठीतलं दे. परीक्षेपुरतं भाषांतर केलेलं नको, जाडजूड, मूळ विचाराचं. तोंडी परीक्षेला परीक्षकांना एकदा कर्जतला पाठव, त्यांनाही लोकलची सवय होईल. आणि प्रकल्पाची एक प्रत ज्या वाडीत माहिती गोळा केली तिथे, ग्रामपंचायतीत किंवा शाळेत ठेवल्याशिवाय निकाल लावू नकोस. हा नियम बाहेरून येणाऱ्या संशोधकांनाही लाव. ‘तुम्ही आमच्यावर काय लिहिलंत?’ असं विचारायला आत्याला मग माझ्या दुकानात यावं लागणार नाही.

या शेवटच्या नियमाचा खर्च कोण करणार असं तुझं कार्यालय विचारेल. गावात ठेवायच्या प्रतीचं झेरॉक्स आणि स्पायरल माझ्याकडे फुकट. फक्त मुखपृष्ठाची जुनी फाइल मी आता काढून टाकली आहे, ते प्रत्येकीनं नवीन करून आणायचं.

तुझी,
समाजशास्त्र, द्वितीय श्रेणी
कशेळे नाका, ता. कर्जत, जि. रायगड