आईची दुरुस्ती

रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’ माझ्याकडे आली ती शेपटाकडून. कॉलेजच्या निरोप समारंभात प्राचार्यांनी तिच्या शेवटच्या तीन ओळी म्हटल्या, आणि पुढं बराच काळ माझ्यासाठी ती कविता म्हणजे त्या तीन ओळीच होत्या. बँकेत लागले तर प्रशिक्षण केंद्राच्या भिंतीवर त्याच, खाली धुक्यातल्या रस्त्याचा फोटो. स्वेच्छानिवृत्ती घेणाऱ्या साहेबांनी भाषणात त्या म्हटल्या, आणि न घेणाऱ्यांनीही. अर्थ सगळ्यांना पाठ होता: चारचौघांची मळलेली वाट सोडा, आडवाट धरा, कल्याण होईल. ऐकणारे आम्ही सगळे पेन्शनीची नोकरी घट्ट धरून बसलेले, ती गोष्ट वेगळी.

अख्खी कविता वाचली ती भाचीमुळे. तिच्या नववीच्या ‘बीहाइव्ह’ पुस्तकात ती पहिलीच होती. परीक्षेच्या आदल्या रात्री ती वैतागून म्हणाली, “मावशी, हा तर म्हणतोय दोन्ही रस्ते सारखेच झिजलेत. मग कमी मळलेला कुठला?”

पोरीनं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. इनमीन वीस ओळींची कविता. पानं पिवळी पडलेल्या रानात वाट फुटते. एका वाटेकडे तो माणूस नजर पोचेल तिथवर बघतो आणि धरतो दुसरी, कारण ती जरा गवताळ वाटते. पण लगेच कबूलही करून टाकतो की तसं बघितलं तर दोन्हींवरची वर्दळ सारखीच, आणि त्या सकाळी दोन्हींवरची पानं कुणी तुडवलेली नव्हती. शेवटच्या कडव्यात तो सांगतो की पुढं कधीतरी, पुष्कळ वर्षं उलटल्यावर, आपण ही हकीकत अशी अशी सांगत असू. त्यानंतर येतात त्या भिंतीवरच्या ओळी. म्हणजे तो काही त्यानं काढलेला निष्कर्ष नव्हे. म्हातारपणी सांगायच्या गोष्टीची ती आधीच चाललेली तालीम आहे.

मला तिथं अण्णा दिसले.

अण्णांना तरुणपणी एकाच आठवड्यात नेमणुकीची दोन पत्रं आली होती, एक एसटीत कारकुनाचं, दुसरं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकीचं. ते मास्तर झाले. आम्ही लहान असताना ही गोष्ट एवढीच होती. पुढं त्यांचे विद्यार्थी डॉक्टर, तहसीलदार होऊ लागले तशी ती वाढत गेली. तिच्यात पुराचा ओढा आला, बिनछपराची शाळा आली, आणि निवृत्तीच्या सत्कारात तर अण्णांनी शहरातली सुखाची नोकरी लाथाडून खडतर वाट पत्करली होती. घर बांधायला पैसे कमी पडले की हीच गोष्ट उलटी व्हायची. “तेव्हाच एसटीत गेलो असतो तर सांगलीत बंगला असता,” असं म्हणत ते पानाचा डबा बंद करायचे.

आई दोन्ही वेळा एकच सांगायची. “पगार दोन्हीकडं सारखाच होता. आणि शाळेचं पत्र मंगळवारी आलं, एसटीचं गुरुवारी. तोवर हे रुजू झालेले.”

फ्रॉस्टबद्दल मिळेल ते मी वाचलं ते यानंतर. आपल्याकडं हा कवी दोन कवितांपुरताच असतो, नेहरूंच्या मेजावर जिच्या ओळी होत्या ती आणि ही. 1912 साली तो अडतिशीचा होता, नावावर एकही पुस्तक नव्हतं, न्यू हॅम्पशरमधलं शेत विकून झालं होतं, पदरी चार मुलं होती. इंग्लंडला जावं की कॅनडातल्या व्हँकुव्हरला, हे त्यानं आणि बायकोनं नाणं उडवून ठरवलं असं त्याचे चरित्रकार सांगतात. नाण्यानं इंग्लंड म्हटलं. तिथं 1913 आणि 1914 मध्ये त्याची पहिली दोन पुस्तकं निघाली, आणि अमेरिकेत परतला तो नावाजलेला कवी होऊन. नाणं दुसऱ्या अंगावर पडलं असतं तर? या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता येत नाही, म्हणून तर तो इतका चघळला जातो.

इंग्लंडात त्याला एडवर्ड थॉमस भेटला. पुस्तकांची परीक्षणं आणि निसर्गावरची पुस्तकं लिहून घर चालवणारा, मनानं खचलेला गद्यलेखक. 1914 च्या उन्हाळ्यात दोघं ग्लॉस्टरशरमधल्या डिमॉक गावाच्या आसपास रानोमाळ हिंडत. थॉमस मित्राला एखादं दुर्मीळ रोप दाखवायचं म्हणून एक वाट धरायचा आणि परत येताना हळहळायचा की त्या दुसऱ्या वाटेनं न्यायला हवं होतं. फ्रॉस्टला याची गंमत वाटे. कुठल्याही वाटेनं गेलास तरी तू दुसरीसाठी झुरणारच, असं तो त्याला चिडवायचा. कवितेचं बी ते. अमेरिकेत परतल्यावर 1915 मध्ये त्यानं ती थॉमसला धाडली, तेव्हा तिचं नाव नुसतं ‘दोन वाटा’ होतं. अपेक्षा ही की गडी स्वतःला ओळखेल आणि हसेल. गडी हसला नाही. त्यानं ती अगदी मनावर घेतली. थट्टा आहे हे फ्रॉस्टनं समजावल्यावरही त्यानं कळवलं की कुणी दाखवून दिल्याशिवाय यातली गंमत फारशी कुणाला दिसायची नाही. याहून खरं भाकीत कवितेच्या व्यवहारात क्वचितच कुणी केलं असेल.

थॉमसपुढं तेव्हा खरोखरच दोन वाटा होत्या. फ्रॉस्टमागोमाग अमेरिकेला जाऊन शेतीभाती करावी आणि लिहावं, किंवा सैन्यात भरती व्हावं. वय सदतीस, बायको आणि तीन मुलं. त्याच्यावर कुणाची सक्ती नव्हती. जुलै 1915 मध्ये त्यानं नाव नोंदवलं. 9 एप्रिल 1917 ला फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत तो मारला गेला. फ्रॉस्ट पाठीस लागल्यामुळं डिसेंबर 1914 मध्ये तो कविता लिहू लागला होता. त्या जेमतेम दोन वर्षांत त्यानं 140 हून अधिक कविता लिहिल्या, आणि आज त्याचं नाव आहे ते त्यांच्यामुळं.

या कवितेनंच त्याला युद्धावर धाडलं असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. तो माणूस वर्षभर स्वतःशी भांडत होता, देशाबद्दल, भित्रेपणाबद्दल, आणि त्या भांडणाचं खापर मित्राच्या वीस ओळींवर फोडणं म्हणजे पुन्हा मागाहून गोष्ट जुळवणंच झालं. ‘म्हणून सगळा फरक पडला’ हे म्हणायला आपण सगळेच टपलेले असतो.

कविता ऑगस्ट 1915 च्या ‘अटलांटिक मंथली’त छापून आली, पुढच्या वर्षी ‘माउंटन इंटरव्हल’ या संग्रहात पहिल्या पानावर बसली आणि मग लोकांची झाली. ही कविता फसवी आहे, जपून वाचा, असं फ्रॉस्ट श्रोत्यांना बजावत राहिला. लोकांनी ऐकलं नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांनी का ऐकावं? निरोप समारंभात ‘दोन्ही वाटा सारख्याच होत्या, त्यातली एक घेतली’ असं सांगणारा प्राचार्य पोरांना काय कामाचा? अण्णांची पुराच्या ओढ्याची गोष्ट ऐकून एक-दोन मुलं खेड्यातल्या शाळेत मास्तर झालीही आहेत. ओढा होताच, नव्हता असं नाही. फक्त नेमणुकीच्या वेळी तो कोरडा होता, एवढंच आईचं म्हणणं.

आई गेल्यावर अण्णांच्या गोष्टीला मधेच अडवणारं कुणी राहिलं नाही. आता ती मोकाट सुटणार अशी माझी अटकळ होती. पण पुढच्याच दिवाळीत जावयांसमोर ओढा ओलांडून झाल्यावर अण्णा थांबले आणि स्वतःच म्हणाले, “तसं शाळेचं पत्र मंगळवारी आलं होतं. एसटीचं गुरुवारी.” तेव्हापासून ते दोन वार गोष्टीत कायमचे आले. पगाराची बाब मात्र त्यांनी मान्य केली नाही. एसटीत दहा रुपये जास्त होते, असंच ते शेवटपर्यंत म्हणत.