हसून झाल्यावर

रिचर्ड डॉनरच्या १९७८ सालच्या 'सुपरमॅन'मध्ये अगदी छोटा एक विनोद आहे. उंच इमारतीच्या कडेला हेलिकॉप्टर अडकलं आहे आणि त्याला लोइस लेन लोंबकळते आहे. खाली रस्त्यावर क्लार्क केंट, म्हणजेच सुपरमॅन, कपडे बदलायला आडोसा शोधतो आहे. अशा वेळी टेलिफोन बूथमध्ये शिरायचं, हे त्याच्या चाहत्यांना पाठ. समोर फोन दिसतो. पण तो नव्या धाटणीचा, उघडा, अंग लपवायला काही उपयोगाचा नाही. क्लार्क त्याच्यावरून एक नजर फिरवतो आणि पुढे धावतो. मग तो उडतो, पडणाऱ्या लोइसला झेलतो, घाबरू नकोस, मी धरलंय तुला, असा दिलासा देतो. ती भेदरून विचारते, मग तुला कोणी धरलंय? थिएटरात पुन्हा हशा. तरीही त्या क्षणी माणूस उडतो आहे यावर आपला पूर्ण विश्वास असतो. सुपरमॅन झालेल्या क्रिस्टोफर रीव्हच्या चेहऱ्यावर निळ्या-लाल पोशाखाचा कसलाही संकोच नाही.

हा संकोच पुढे आला. १९९७ सालच्या 'बॅटमॅन अँड रॉबिन'ची भडक थट्टामस्करी प्रेक्षकांनी नाकारली आणि २००० सालच्या 'एक्स-मेन'ने सगळ्यांना काळ्या चामड्यात गुंडाळलं. १९७४ पासून कॉमिक्समध्ये पिवळ्या-निळ्या पोशाखात वावरणारा वुल्व्हरिन, म्हणजे ह्यू जॅकमन, त्या काळ्या कपड्यांवरही कुरकुरतो. तेव्हा साथीदार सायक्लॉप्स त्याला टोमणा मारतो, मग काय पिवळे घट्ट कपडे हवे होते? चाहते खूश झाले. मला मात्र त्या टोमण्यात एक केविलवाणी विनवणी ऐकू येते : आम्हाला गंभीरपणे घ्या, आम्ही तसले नाही.

'डेडपूल'ने २०१६ साली ही लाज उघड्यावर आणली. श्रेयनामावलीत कलाकार-दिग्दर्शकांच्या नावांऐवजी त्यांची टिंगल. डेडपूल झालेल्या रायन रेनॉल्ड्सच्याच २०११ सालच्या पडेल 'ग्रीन लँटर्न'वर टोमणे. २००९ सालच्या वुल्व्हरिनपटात डेडपूलचं तोंड शिवून टाकलं होतं, त्याचाही सूड. थेट आपल्याशी बोलणारा हा नायक आपल्या मनातली शंका आपल्याआधी बोलून दाखवतो. त्याच चित्रपटात टॅक्सीमध्ये 'श्री ४२०' मधलं गाणं वाजतं, तेव्हा राज कपूर ओळखणाऱ्याला आपल्या घरचं कुणीतरी परदेशात अचानक भेटल्यासारखं वाटतं. संदर्भ ओळखण्याचा आनंद असा असतो. आपण इतकी वर्षं जे पाहिलं, ऐकलं, जपलं, ते दुसऱ्या कुणीतरीही जपलं आहे, याची ती खूण असते. मी या आनंदाला कधीच हलका मानणार नाही.

पण या हसण्याची एक सवय मला खुपते. तायका वायटिटीच्या २०१७ सालच्या 'थॉर : रॅग्नारॉक'च्या शेवटी अ‍ॅसगार्ड नष्ट होतं. एका जमातीची मायभूमी तिच्या डोळ्यांदेखत जळते आहे, सगळे जहाजातून बघत उभे आहेत. तेवढ्यात दगडी कॉर्ग धीर देऊ लागतो : पाया शाबूत आहे तोवर पुन्हा उभारता येईल. तोच स्फोट होऊन पायाही जातो, आणि तो दिलगिरी व्यक्त करतो. चित्रपट एरवी माझा फार आवडता. हा विनोदही चोख जमला आहे. पण त्याने आपल्याला शोक करू दिला नाही. घर गेलेल्या माणसांसोबत आणखी दोन क्षण गप्प उभं राहायला मी तयार होते. चित्रपटच तयार नव्हता. तिथे विनोद पळवाट झाला.

त्याच वर्षीचा जेम्स मॅनगोल्डचा 'लोगन' उलट वाटेने जातो. इथे एक्स-मेनची कॉमिक्स चित्रपटातच आहेत आणि थकलेला लोगन, म्हणजेच वुल्व्हरिन, त्यांना थापा म्हणून झटकून टाकतो. हॉटेलातल्या टीव्हीवर १९५३ सालचा 'शेन' लागलेला असतो. म्हातारा प्रोफेसर चार्ल्स छोट्या लॉराला सांगतो की, तुझ्याएवढा असताना मी हा थिएटरात पाहिला होता. प्रयोगशाळेत वाढलेली ही मुलगी टक लावून बघत राहते. शेवटी लोगनच्या थडग्यापाशी ती 'शेन'मधलेच संवाद म्हणते, कारण निरोप घ्यायला तिच्याकडे स्वतःचे शब्द नाहीत. तिला ते कुणी दिलेलेच नाहीत. 'शेन' कधीही न पाहिलेल्या माणसालाही हा प्रसंग भिडतो, कारण ती टीव्हीसमोर बसलेली असताना आपण तिच्या शेजारी असतो.

म्हणूनच २०२४ च्या 'डेडपूल अँड वुल्व्हरिन'ची सुरुवात मला जड गेली. डेडपूल तेच थडगं उकरतो आणि लोगनच्या हाडांची हत्यारं करून नाचत-नाचत माणसं मारतो. मी हसले, आणि मनात काहीतरी दुखलंही. मग दुसऱ्या विश्वातला वुल्व्हरिन येतो, अंगात तोच पिवळा पोशाख. इतक्या वर्षांनी हौस पुरी झाली म्हणून टाळ्या पडतात. पण पुढे तो सांगतो की, साथीदार हा पोशाख घाल म्हणून विनवायचे आणि तो त्यांची खिल्ली उडवायचा. ते मारले गेले तेव्हा तो तिथे नव्हता. आता तो पोशाख अंगावरून उतरवत नाही. चोवीस वर्षांपूर्वीचा टोमणा एकदम पश्चात्ताप होऊन समोर उभा राहतो. ज्या पोशाखावर सगळे हसले, तोच मेलेल्या मित्रांची आठवण ठरतो. थडगं उकरणाऱ्या चित्रपटाकडून मी एवढ्या हळवेपणाची अपेक्षा केली नव्हती.

रंगीत कपडे घालून जग वाचवायला निघालेल्या माणसांची कल्पना भाबडी आहेच. तिच्यावर हसणं प्रामाणिकपणाचं आहे, आणि जुन्या चित्रपटांची आठवण काढणं हे प्रेमाचं लक्षण आहे. पण कुणीतरी पडताना कुणीतरी येऊन झेलावं, ही इच्छा भाबडी नाही. ती आपल्या सगळ्यांची आहे, आणि तिच्यासाठीच आपण हे चित्रपट बघतो. कपड्यांची, संवादांची, स्टुडिओंची हवी तेवढी चेष्टा व्हावी. त्या इच्छेची मात्र लाज वाटू नये. विनोदानंतर दुःखाजवळ थांबायचं धैर्य ज्या चित्रपटात असतं, त्याचा नायक आजही उडू शकतो, असं मला मनापासून वाटतं.