क्रिएटिनचा डबा

पेणच्या बाजारपेठेतील एका घाऊक किराणा व्यापाऱ्याच्या घरी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी एक काळा डबा आला आणि पुढील चार दिवस त्या घरात दुसरा विषय निघाला नाही. डबा धाकट्या मुलाने आणला होता. वय १९, वाणिज्य शाखेचे दुसरे वर्ष. पहाटे व्यायामशाळा, मग महाविद्यालय, दुपारनंतर दुकान. व्यायामशाळेतील प्रशिक्षकाने त्याला सांगितले होते, ‘शाकाहारी माणसाचे अंग भरत नाही, हे घे.’ आत कॅप्सूल होत्या. बिल नव्हते.

आईने डब्यावरील नाव वाचले आणि ती घाबरली. तिच्या वडिलांचे, म्हणजे रोह्याच्या नानाजींचे, मूत्रपिंड अशक्त झाले होते. दर तीन महिन्यांनी त्यांच्या रक्ततपासणीचा कागद येई आणि सारे घर त्यातील एकाच ओळीकडे पाही. ती ओळ होती क्रिएटिनिनची. ज्या गोष्टीचा आकडा वाढला की डॉक्टरांचा चेहरा बदलतो, तीच गोष्ट मुलगा पैसे मोजून खाणार, असा तिचा समज झाला. वडिलांची हरकत निराळी होती. क्रिएटिन मांसात असते, एवढे त्यांनी कोठेतरी ऐकले होते. ‘स्वयंपाकघरात हा डबा जाणार नाही,’ एवढे बोलून ते दुकानात गेले.

दोन्ही शंका उथळ नव्हत्या. क्रिएटिन हे नावच मुळी मांस या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलेले आहे. १८३२ मध्ये शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ते मांसाच्या अर्कातून वेगळे काढले. तथापि ते केवळ मांसाहाऱ्याच्या शरीरात असते असे नाही. प्रत्येक मनुष्याचे यकृत व मूत्रपिंड तीन अमिनो आम्लांपासून दररोज सुमारे १ ग्रॅम क्रिएटिन तयार करतात आणि त्याचा बहुतेक सर्व साठा स्नायूंत राहतो. मांसाहाऱ्यास आणखी साधारण १ ग्रॅम अन्नातून मिळते. शाकाहाऱ्यास दुधातून अगदी अल्प मिळते, बाकी काही नाही. म्हणून शाकाहारी माणसाच्या स्नायूंतील साठा सामान्यतः कमी आढळतो. १९९२ मध्ये रॉजर हॅरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरून क्रिएटिन दिल्यास स्नायूंतील साठा वाढतो हे दाखवून दिले. ज्यांचा साठा मुळात कमी होता त्यांच्यात वाढ अधिक झाली. प्रशिक्षकाच्या बोलण्यात तेवढ्यापुरते तथ्य होते. अंग भरत नाही हे मात्र खरे नव्हे.

हा साठा करतो काय? व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर गल्ल्यातील सुट्ट्या पैशांचे काम करतो. बँकेत ठेव कितीही असली तरी गिऱ्हाईक समोर उभे असताना ती उपयोगी पडत नाही. हाताशी रोकड लागते. स्नायूला जोराचा झटका द्यायचा असतो तेव्हा पहिल्या दहा-एक सेकंदांची शक्ती या रोकडीतून येते. वजन उचलणे, छोटी धाव, कबड्डीतील झटापट ही त्याची क्षेत्रे. त्याने दोन आवर्तने अधिक होतात आणि त्या अधिक मेहनतीतून स्नायू वाढतो. मेहनत नसेल तर पूड खाऊन काहीही होत नाही. प्रथम एक-दोन किलो वजन वाढते ते बहुतांशी स्नायूंत शिरलेल्या पाण्याचे असते, हे डबा विकणारे क्वचितच सांगतात.

रविवारी मुलगा डबा घेऊन दिवा–रोहा गाडीने आजोळी गेला. नानाजींची रोह्यात सराफीची जुनी पेढी. सोने असो वा अन्य काही, माल पारखल्याशिवाय हातात घ्यायचा नाही, ही त्यांची सवय. त्यांनी चष्मा लावून डबा फिरवला.

‘हिरवा ठिपका कुठे आहे?’

‘बाहेरचा माल आहे, नानाजी.’

‘बाहेरचा असला तरी आणणाऱ्याचे नाव, पत्ता आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक नको का? आणि ही कॅप्सूल कशाची?’

या शेवटच्या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर नव्हते. कॅप्सूलचे कवच बहुधा जिलेटिनचे असते आणि जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून व कातड्यापासून निघते. वनस्पतिजन्य कवचही मिळते, परंतु तसे डब्यावर लिहिलेले असावे लागते. म्हणजे वडिलांची शंका योग्य होती, फक्त तिची जागा चुकली होती. मांसाचा प्रश्न आतल्या पुडीत नसून बाहेरच्या कवचात होता. बाजारातील क्रिएटिन मांसातून काढत नाहीत. ते परवडणारेही नाही. सार्कोसिनचा क्षार आणि सायनामाइड या दोन रसायनांच्या संयोगाने ते कारखान्यात बनते आणि सायनामाइडचे मूळ चुनखडी, कोळसा व हवेतील नायट्रोजन यांत आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीशेजारी आयुष्य गेलेल्या नानाजींना ही गोष्ट समजावून देण्यास वेळ लागला नाही. उलट त्यांनीच विचारले, की रसायन आहे तर शुद्धता किती? प्रश्न मार्मिक होता. प्रक्रिया नीट न केल्यास त्यात डायसायनडायमाइड व इतर उपपदार्थ राहतात. म्हणून ज्या कंपन्या प्रत्येक घाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल देतात त्यांचाच माल घ्यावा. जर्मनीत ट्रोस्टबर्ग येथे बनणारे क्रिएटिन याच कारणाने महाग विकले जाते. जगातील बराचसा माल चीनमधून येतो आणि त्यात चांगला-वाईट दोन्ही असतो.

हिरव्या ठिपक्यावरही जैन घराने सर्वस्वी विसंबू नये. आपल्या नियमांप्रमाणे मध व लाख असलेला पदार्थही हिरवा ठिपका मिरवू शकतो. रंग व स्वाद घातलेल्या डब्यांत घटकांची यादी लांबते आणि शंकाही वाढतात. बिनस्वादाच्या पुडीत एकच घटक असतो, क्रिएटिन मोनोहायड्रेट. वाचायला एक ओळ पुरते. हायड्रोक्लोराइड, एस्टर अशा नावांनी दुप्पट-तिप्पट दराने जे विकले जाते ते मोनोहायड्रेटपेक्षा सरस असल्याचे सिद्ध झालेले नाही. एस्टरचा तर बराच भाग शरीरात क्रिएटिनिन होऊन वाया जातो.

कॅप्सूलचा डबा परत गेला नाही, कारण बिलच नव्हते. नव्या पुडीचा हिशेब नानाजींनी कागदावर मांडला. पहिले पाच दिवस रोज २० ग्रॅम घेण्याची जी पद्धत सांगतात तिच्यात २५० ग्रॅमच्या डब्यातील १०० ग्रॅम पाच दिवसांतच उडतात. रोज ३ ग्रॅम घेतल्यास सुमारे चार आठवड्यांत साठा तेवढाच भरतो आणि डबा ८३ दिवस पुरतो. ‘घाई विकणाऱ्याला आहे, तुला नाही,’ एवढाच त्यांचा शेरा. मग त्यांनी डब्यातील चमचा पेढीच्या काट्यावर ठेवला. डब्यावर ३ ग्रॅम लिहिले होते. शीग लावून भरला तेव्हा काटा ४ ग्रॅमच्या पुढे गेला. सपाट भरायचा, असे ठरले.

राहिला आईचा प्रश्न. क्रिएटिन झिजून जे उरते ते क्रिएटिनिन, आणि ते मूत्रावाटे बाहेर जाते. साठा वाढला की झीजही थोडी वाढते, म्हणून मूत्रपिंड धडधाकट असूनही तपासणीत आकडा किंचित वर दिसू शकतो. निरोगी प्रौढास योग्य मात्रेत मूत्रपिंडाची हानी झाल्याचे अभ्यासांत आढळलेले नाही. ज्याचे मूत्रपिंड आधीच दुखावलेले आहे, त्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याविना हात लावू नये. १८ वर्षांखालील मुलांनीही थांबावे. पेणच्या डॉक्टरांनी मुलाची तपासणी आधी करविली, दोन महिन्यांनी पुन्हा करविली. पहिला आकडा ०.९ होता, दुसरा १.१. दोन्ही मर्यादेतच. पुढे कोणत्याही तपासणीच्या वेळी क्रिएटिन घेत असल्याचे प्रथम सांगावे, अशी सूचना त्यांनी दिली आणि आईने ती कागदाच्या मागे लिहून ठेवली. मुलाच्या आहारात डाळ, वाल, पनीर व दूध वाढविण्यासही त्यांनी सांगितले. त्याचा खर्च डब्यापेक्षा अधिक आला, आणि गुणही बहुधा त्याचाच अधिक आला असावा.

चौविहारामुळे अडचण आली नाही. क्रिएटिन दिवसा केव्हाही चालते. उकळून कोमट केलेल्या पाण्यात ते चांगले विरघळते, मात्र विरघळवून ठेवून देऊ नये, लगेच प्यावे. पर्युषणात मुलाने अठ्ठाई केली. आठ दिवस डबा बंद राहिला, व्यायामही बंद. स्नायूंतील साठा उतरायला चार ते सहा आठवडे लागतात, तेव्हा त्याची चिंता नव्हती. पारण्यानंतर तिसऱ्या दिवशी डबा पुन्हा उघडला. तो आता स्वयंपाकघरातच असतो, पोह्यांच्या बरणीशेजारी.