आषाढातला रंग

बेळगावात आषाढ लागला की दिवसेंदिवस ऊन दिसत नाही. साडेसातशे मीटर उंचीवरचं हे गाव. खानापूर-चंदगडाकडचे ढग थेट अंगावर येतात. अशा हवेत गाडीला रंग द्यायचा नाही, असा आमच्या धंद्याचा जुना नियम. मेस्त्री लोक मृगाच्या आत मोठी कामं हातावेगळी करायचे. पावसाळाभर पत्रा ठोकायचा, लांबी भरायची, पाणीपेपरनं घासत बसायचं. मग खंडेनवमीच्या तोंडावर सगळी गिऱ्हाइकं एकदम दारात. पूजेला गाडी चकचकीतच हवी, मग ती केए २२ असो, केए २३ असो नाहीतर कागलकडून आलेली एमएच ०९.

निपाणीची अडचण वेगळी. तिथं पावसाइतकीच सुगीची धास्ती. वखारीतून तंबाखूची भुकटी उडते, फडातला पाला पेटवला की काजळी तरंगत येते, आणि हायवेची धूळ तर बारमाही. ओल्या क्लिअरवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, काजळीची एक काडी पडली तर ती उचलता येत नाही. बोट लावलं की ठसा उमटतो. म्हणून शेडमध्ये जमिनीवर पाणी शिंपडायचं, ताडपत्र्या भिजवून टांगायच्या आणि पहाटे वारा पडलेला असताना शेवटचा हात मारून घ्यायचा. त्या शेडमध्ये फार सुंदर कामं झाली आहेत. रंगाची गन धरायला मी तिथंच शिकलो, आणि त्या मेस्त्रींबद्दलचा आदर अजून तसाच आहे.

आता बेळगावच्या उद्यमबागेत बर्नरवाल्या बूथमध्ये काम करतो. छतातल्या गाळणीतून स्वच्छ हवा खाली उतरते, गाडीच्या अंगाला लागून जाळीच्या फरशीतून खड्ड्यात जाते आणि उडालेला रंगही सोबत नेते. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवलेला असतो. त्यामुळं फटीतून हवा बाहेर जाते, धूळ आत येत नाही. डिझेलचा धूर वेगळ्या धुराड्यातून निघून जातो. आपली हवा फक्त तापलेल्या पत्र्यावरून फिरून येते.

पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते बूथचं पावसाळ्यातलं काम. बाहेर २० अंश आणि ९५ टक्के आर्द्रता असली, तर तीच हवा ३० अंशांवर नेली की आर्द्रता निम्म्याच्या आसपास येते. पाणी हवेत तेवढंच असतं, तापलेल्या हवेची ते पोटात ठेवायची ताकद वाढते. हे महत्त्वाचं अशासाठी, की रंगात मिसळायच्या हार्डनरमधलं आयसोसायनेट पाण्याशी लगेच जुळतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, थरात टाचणीच्या टोकाएवढे फोड धरतात आणि चमक मरते. कॉम्प्रेसरच्या नळीतून आलेलं पाणीही तेच करतं. टाकीतलं पाणी रोज सोडलं नाही, तर लाखांचा बूथ असून उपयोग नाही.

बूथ आला म्हणजे रंग आपोआप छान बसतो, असं मालकांना वाटतं. घासलेल्या पत्र्यावर राहिलेला ओरखडा बूथला कळत नाही. सिल्व्हर रंगाचा एक दरवाजा घ्या. गन वीतभर अंतरावर, पत्र्याशी काटकोनात, आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्म्याहून जास्त चढलेला हवा. हात ओला पडला की ॲल्युमिनियमचे कण थरात बुडतात आणि रंग काळपट दिसतो. कोरडा पडला की उजळ. डबा तोच, गाडी तीच, पण दरवाजा परका दिसू लागतो. म्हणून आधी चाचणीच्या पत्र्यावर मारून बघायचं, रंग शेजारच्या फेंडरवर विरत न्यायचा आणि दोन हातांच्या मध्ये थांबायचं. पोरांना हे थांबणं जड जातं.

“मामा, आता मारू की?”

“चमक मेली काय बघ. नाही न्हवं? मग थांब की.”

ओला तजेला जाऊन थर मंद दिसेपर्यंत थांबायचं. त्यातलं द्रावण उडायच्या आत वरून क्लिअर दिला, तर ते आत कोंडतं आणि भट्टीत उकळून वर येतं.

भट्टी साधारण ६० अंशांची, ३० मिनिटं. ही मिनिटं पत्रा ६० अंशांवर आल्यानंतर मोजायची. काट्यावर दिसते ती हवेची उष्णता, जाड पत्रा मागाहून तापतो. कारखान्यात नुसता सांगाडा १४० अंशांच्या आसपास भाजतात. आमच्याकडे येते ती वायरी, रबर, प्लॅस्टिक आणि टाकीत पेट्रोल असलेली संसारी गाडी, तिला ते झेपणार नाही. म्हणून तर हार्डनर लागतो. त्याच्या जोरावर थर कमी उष्णतेत घट्ट होतो.

आणि तोच हार्डनर छातीत जातो. आयसोसायनेटनं दमा लागतो, आणि एकदा शरीरानं ते धरलं की अगदी थोड्या मात्रेनंही श्वास अडकू शकतो. त्याला धड वासही नसतो, म्हणून मास्क निकामी झाल्याचं नाकाला कळत नाही. तोंडाला रुमाल बांधून आयुष्यभर गन मारलेले मेस्त्री मी खोकताना पाहिलेत. आता खानापूर, चंदगडाकडची पोरं कामाला येतात, आल्या दिवसापासून गन मागतात. मी आधी ताज्या हवेचा मास्क देतो, नळी जोडायला लावतो, दाढी असेल तर काढून यायला सांगतो. अर्ध्या तोंडाचा मास्क केसांवर घट्ट बसत नाही. काही मालकांना हा खर्च नको असतो. बर्नरच्या डिझेलला पैसे निघतात, तर याला निघालेच पाहिजेत, आणि ते मी मागून घेतो.