साडेपाच तासांचा फरक

टीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, सायबर सिक्युरिटीच्या इलेक्टिव्हला आमच्या वर्गातून भरपूर नावं पडली. बहुतेकांना हॅकिंग शिकायचं होतं, मलाही. मॅडमनी पहिल्या तासाला कोणाला लॅपटॉप उघडू दिला नाही. एक कागद फिरवला आणि सह्या घेतल्या. त्यावर लिहिलं होतं: मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. तेच गैरहेतूने केलं तर कलम ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मागच्या बाकावरचा खिदळणारा आवाज बंद झाला.

चिठ्ठ्या टाकून चौघांचे गट पाडले. हॉस्टेलात गावावरून हाक मारायची पद्धत, त्यामुळे आमचा गट म्हणजे नाशिक, सांगली, लातूर आणि मी, बार्शी. नाशिकचा हात कीबोर्डवर इतका वेगात चालायचा की तो काय करतोय ते आम्हाला स्क्रीनवर वाचायलाही मिळायचं नाही. सांगली दिवसभरात चार वाक्यं बोलायचा. लातूर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, लिनक्सची तिला धास्तीच होती.

सुरुवातीची प्रॅक्टिकल्स मजेची होती. एकाच संगणकावर दोन आभासी यंत्रं: हल्ला करायला काली लिनक्स आणि हल्ला सोसायला मेटास्प्लॉइटेबल, जे मुद्दाम भोकं ठेवूनच बनवलेलं आहे. दोन्हींचं नेटवर्क बाहेरच्या जगापासून तोडलेलं. मेटास्प्लॉइटेबलमध्ये फाइल पाठवण्याच्या एका प्रोग्रामची २०११ मधली बाधित आवृत्ती आहे. कोणीतरी तिच्यात चोरदरवाजा घुसवला होता. लॉगिन करताना नावाच्या शेवटी अपूर्णविराम आणि कंस, म्हणजे हसरा चेहरा टाइप केला की ६२०० क्रमांकाचं पोर्ट उघडतं आणि अख्ख्या यंत्राचा ताबा हातात येतो. नाशिकने ते केलं तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. मग मॅडम आल्या आणि लातूरला विचारलं, ‘काय झालं आत्ता? सांग.’ तिला सांगता येईना. गटाला शून्य. नाशिकचं म्हणणं, काम तर झालं ना! मॅडमचं म्हणणं, एकालाच कळलं असेल तर गटाचं काम झालेलं नाही. तेव्हा हा अन्याय वाटला होता. आजही थोडा वाटतो.

त्यानंतर गटात एक वही आली. कोणी, किती वाजता, कोणती आज्ञा दिली आणि काय दिसलं, हे सगळं तिच्यात लिहायचं. वही अर्थातच माझ्याकडे आली, कारण माझं अक्षर चांगलं. इंजिनिअरिंगला मुलींचं अक्षर चांगलं असतं, हा एक सार्वत्रिक समज आहे, आणि त्या समजापायी सबमिशनच्या आठवड्यात किती मुलींनी किती मुलांची जर्नलं पूर्ण केली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. मी कुरकुरतच वही घेतली. पण लवकरच लक्षात आलं की वही जिच्या हातात तिला कोणालाही थांबवता येतं. ‘थांब, हे का केलंस? मला लिहायचंय.’ नाशिकचा वेग निम्म्यावर आला आणि सांगलीची वाक्यं वाढली.

सत्राच्या उत्तरार्धात बाजू बदलली. आता हल्ला झालेला होता आणि आम्हाला तो समजून घ्यायचा होता. त्याआधी मॅडमनी पुण्यातल्या कॉसमॉस बँकेचा किस्सा सांगितला. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. हल्लेखोरांनी बँकेच्या खऱ्या स्विचच्या, म्हणजे एटीएमच्या विचारणा बँकेपर्यंत नेणाऱ्या यंत्रणेच्या, जागी आपला बनावट स्विच उभा केला होता, त्यामुळे एटीएममधून आलेली ‘पैसे देऊ का’ ही विचारणा बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोचतच नव्हती. मधल्यामध्ये ‘दे’ असं उत्तर जात होतं. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले. १३ तारखेला स्विफ्ट या बँकांमधल्या संदेशप्रणालीमार्गे आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण सुमारे ९४ कोटी. मला त्यात भिडलं ते सुट्टीच्या दिवसाचं गणित. शनिवारी दुपारी कोणाला फोन करायचा, हे आधी ठरलेलं असावं लागतं.

आमच्या सरावातली कंपनी काल्पनिक होती, लॉग, म्हणजे यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी, मात्र जाडजूड. वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये रात्री ९:१० ला अनोळखी पत्त्यावरून लॉगिन. फायरवॉलच्या लॉगमध्ये पहाटे २:३० पासून डेटा बाहेर जाऊ लागलेला. नाशिकने लगेच गोष्ट रचली: चोर नऊला आत आला, पाच तास दबा धरून बसला, अडीचला माल नेला. मग ते पाच तास शोधण्यात आमची दुपार गेली. काही सापडेना. सांगली म्हणाला, लॉग पुसले असतील. नाशिक म्हणाला, मग पुसल्याची खूण कुठाय? आवाज चढले. शेजारचा गट आमच्याकडे बघू लागला.

लातूर माझ्या वहीत बघत होती. मी वेब सर्व्हरची ओळ जशीच्या तशी उतरवली होती.

‘बार्शी, प्रत्येक वेळेपुढे हे अधिकचं चिन्ह आणि चार शून्यं कशाला गं?’

‘ते असतंच,’ नाशिक म्हणाला.

‘असतंच, पण कशाला?’

कोणाकडेच उत्तर नव्हतं. सांगलीने शोधून काढलं: जागतिक प्रमाणवेळेपासून घड्याळ किती पुढे आहे, ते तिथे लिहिलेलं असतं. चार शून्यं म्हणजे अजिबात पुढे नाही. वेब सर्व्हर जागतिक वेळेवर चालत होता, फायरवॉल भारतीय वेळेवर. रात्रीचे ९:१० म्हणजे आपले पहाटेचे २:४०. मी वहीत नवा रकाना आखला, वेब सर्व्हरच्या सगळ्या वेळा साडेपाच तास पुढे सरकवल्या, आणि गोष्ट उलटीच झाली. लॉगिन व्हायच्या दहा मिनिटं आधीच डेटा बाहेर जायला लागला होता. आम्ही ज्याला चोराचा प्रवेश समजत होतो, त्याच्या आधीपासून कोणीतरी आत होतं.

मॅडम त्या दिवशी खुशीत होत्या. सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाची त्यांनी ओळख करून दिली. घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं, लॉग १८० दिवस जपायचे, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायची. घड्याळाचं कलम मी आदल्या दिवशी वाचलं असतं तर जांभई दिली असती.

चोर पहिल्यांदा आत आला कुठून, यावर मात्र एकमत झालं नाही. नाशिकच्या मते एका कर्मचाऱ्याला आलेल्या फसव्या मेलमधून, सांगलीच्या मते न बदललेल्या डिफॉल्ट पासवर्डमधून. रात्री अकरापर्यंत मेसच्या बाहेर वाद चालला. शेवटी लातूरने अहवालात दोन्ही मतं लिहिली, कोणत्या मतामागे लॉगची कोणती ओळ आहे तेही लिहिलं आणि खाली चौघांच्या सह्या घेतल्या. मॅडमनी दोन्हींपुढे लाल पेनाने प्रश्नचिन्ह केलं आणि मेल सर्व्हरचा लॉग मागवून घ्यायला सांगितलं. वेळा कोणत्या घड्याळाच्या आहेत ते आधी बघायचं, असं लातूरने आम्हाला बजावलं, आणि वही नाशिककडे दिली. तो म्हणाला, माझं अक्षर वाचता येत नाही. मी म्हटलं, टाइप कर.